पालकसभा रविवारी घ्या, समिती खऱ्या अर्थाने निवडून येऊ द्या

महोदय,

नागपूर महानगरपालिकेच्या (मनपाच्या) एका मराठी शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची मी दोन वर्षे अध्यक्ष होते. मुलगी आठवी पास होऊन दुसऱ्या शाळेत गेली आणि नियमाप्रमाणे माझे सदस्यत्व संपले. आता नवी समिती निवडायची वेळ आली आहे, म्हणून हे पत्र.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. समितीत ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, अध्यक्ष पालकांमधूनच हवा, असे त्यात आणि राज्याच्या नियमांत स्पष्ट आहे. पण हे पालक निवडायचे पालकसभेत, आणि माझी निवड झाली ती सभा होती मंगळवारी सकाळी साडेअकराला! चिठ्ठी आदल्या दिवशी मुलांच्या वहीत आली. आमच्या शाळेतल्या मुलांचे आईवडील कळमन्याच्या मार्केटमध्ये पोती उचलतात, इतवारी-गांधीबागेतल्या दुकानांत उभे राहतात, बुटीबोरीच्या कारखान्यांत पाळीवर जातात, चार घरची धुणीभांडी करतात. रोजी बुडवून कोण येणार? मी घरीच शिलाईकाम करते म्हणून गेले. जे आले त्यांच्यातूनच नावे लिहिली, हात वर झाले, निवड झाली.

१५ जानेवारी २०२६ ला मनपासाठी मतदान झाले, तेव्हा सुट्टी होती. आमच्याच शाळेतली बाके सरकवून तिथे केंद्र मांडले होते. नगरसेवक निवडायला सुट्टी मिळते, मग त्याच इमारतीत आपल्या लेकरांच्या शाळेची समिती निवडायला पालकांना निदान रविवार तरी मिळावा.

समितीला काम काय असते, असे पुष्कळ जण विचारतात. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. आम्ही आळीपाळीने जाऊन तांदूळ मोजून घ्यायचो, भात मुलांच्या आधी चाखायचो आणि चव नोंदवहीत सही करायचो. एका पावसाळ्यात भाताला कुबट वास आला. कोठीत जाऊन पाहिले तर खालचे पोते भिंतीला टेकून ओले झालेले, तळाशी दाणे एकमेकांना चिकटलेले. ते पोते बाजूला काढायला लावले आणि बाकीची पोती त्याच दिवशी लाकडी फळ्यांवर रचून घेतली.

मुलींच्या संडासाला कडी नव्हती. एक मुलगी आत, दुसरी बाहेर दार धरून उभी. सातवी-आठवीच्या काही मुली त्या चार दिवसांत शाळेतच येत नव्हत्या. हे बैठकीत बोलली ती घरकाम करणारी एक आई. तोवर कुणीच हा विषय काढला नव्हता. शंभरावर आणि अडीचशेपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला ५०,००० रुपये संयुक्त अनुदानाचे, म्हणजे शाळेच्या देखभाल-दुरुस्तीसारख्या खर्चासाठीच्या एकत्रित रकमेचे, प्रमाण आहे. त्यावर लक्ष ठेवण्याचा अधिकार कायद्याने समितीला दिला आहे. आम्ही हिशेब मागितला, ठराव केला, कड्या बसल्या, नळाला पाणी आले. ती बाई समितीत नसती तर ही गोष्ट बैठकीपर्यंत पोचलीच नसती. म्हणून निम्म्या महिलांचा नियम मला फार मोलाचा वाटतो. सदस्य बाई आणि बैठकीला तिचा नवरा, हा प्रकार मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी थांबवावा.

समितीत स्थानिक लोकप्रतिनिधीचीही जागा असते. ४ मार्च २०२२ ला मनपाची मुदत संपली, प्रशासक आले आणि माझ्या जवळपास सगळ्या काळात ती जागा रिकामीच होती. मोठ्या खर्चाच्या कामांसाठी कोणाकडे जावे हेच कळत नसे. आता १५१ नगरसेवक निवडून आले आहेत. मनपाच्या शाळा ज्यांच्या प्रभागात आहेत त्यांनी महिन्याच्या बैठकीला यावे, नुसते १५ ऑगस्टला नव्हे.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. तेव्हा जुलैतल्या एखाद्या रविवारी पालकसभा घ्यावी. आठ दिवस आधी फाटकावर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना लावावी, एकाहून जास्त नावे आली तर चिठ्ठीवर नाव लिहून मत घ्यावे, अशी मनपाच्या शिक्षण विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. नव्या समितीच्या पहिल्याच बैठकीत जुनी ठराववहीही वाचून दाखवावी. मागच्या बाजूच्या पडक्या कुंपणभिंतीचा आमचा ठराव अजून तसाच पडून आहे आणि तिथून कुत्री थेट मैदानात येतात.

— एक माजी अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, नागपूर