आमच्या धाकटीसाठी धावून आलेल्यांना

आमची धाकटी बहीण २७व्या वर्षी गेली. रक्ताचा कर्करोग. आजाराबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

भांडुपहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यातल्या तिच्या मैत्रिणींनो, तुमची नावं आम्हाला ठाऊक नाहीत. घरी ती तुम्हाला 'खिडकीवाली', 'गजरेवाली' असंच म्हणायची. नवरात्रातल्या नऊ रंगांचं वेळापत्रक डब्यात तीच फिरवायची ना? आणि राखाडी रंगाच्या दिवशी हमखास रजा! तिच्या डब्यातले घावन कुर्ला यायच्या आत संपायचे, हेही कळलं ते तुमच्याकडूनच.

प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस टिकतात; साठवून ठेवाव्यात तर तेही जमत नाही, दाते पुन्हा पुन्हा लागतात. तुम्ही परळला स्वतः आलात, भाऊ-नवरे पाठवलेत, तास-दीड तास मशीनला हात देऊन बसलात. गाड्या बंद पडल्या त्या दिवशी दादरहून पाण्यातून चालत आलेला तो मुलगा तर चहालाही थांबला नाही. बाबा अजून त्याची आठवण काढतात.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

खिडकीवालीची निळी छत्री आमच्याकडेच राहिली आहे. घ्यायला या, आई घावन करील.