रात्री सव्वाआठच्या नोंदी

सांगली, रविवार रात्र

प्रिय मध्या,

तुझं दिवाळीतलं पत्र अजून पेपरवेटखाली आहे आणि बाहेर आषाढ लागलाय. उत्तर का लिहिलं नाही याला कारण नाही. काकूंच्या वर्षश्राद्धाला इंदूरला येतो म्हणालो होतो, तेही राहिलं, त्यालाही नाही. शोधून एखादं लिहिलं तर तू लगेच ओळखशील. साखर ताब्यात आहे, गुडघा नाही. घरचे मजेत.

आज लिहायला बसलो कारण पतपेढीतली लाल खतावणी सापडली. म्हणजे ती नव्हे, तिची धाकटी बहीण. एकतीस वर्षांनी, वाचनालयाच्या टेबलाच्या खणात. हिला सांगितलं तर म्हणाली, "मग?" पोराला सांगितलं तर म्हणाला, "बाबा, त्यांना ट्रेनिंग द्या." आता उरलास तू. १९९४ साली आपला पतपेढीचा प्रोग्राम बाजूला ठेवून कॅशियर जिच्यात लिहायचा, ती वही त्याच्या खुर्चीमागून ओढून काढणारा तूच होतास, आणि माझ्या तोंडाकडे बघून फिदीफिदी हसणाराही तूच.

पुरानंतर मी वाचनालयासाठी देवघेवीचा प्रोग्राम लिहिला, ते तुला माहीत आहे. २०१९ च्या ऑगस्टात भिजलेली रजिस्टरं ग्रंथपाल बाई पंख्याखाली पान न् पान सुटं करून वाळवत होत्या, ते बघवेना. तू म्हणालास, कोहा घे, ग्रंथालयांसाठीचा तयार प्रोग्राम, फुकट आहे, न्यूझीलंडच्या एका लहान ग्रंथालयानं २००० सालच्या संगणकी तारखांच्या घोळाच्या धास्तीनं करून घेतलेला आहे, आपल्याच पंगतीतला. मी काय उत्तर दिलं आठवतंय? "फार मोठं प्रकरण आहे रे ते, आपल्याला एवढं काय करायचंय." हस आता. मनसोक्त हस, मग पुढचं वाच.

पहिल्या आवृत्तीत दोन चौकोन होते. सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, एंटर. तारीख आपोआप. ते बघून तू विचारलं होतंस, "नंद्या, हे खरंच तू लिहिलंस?" संध्याकाळी सहाला रांग लागली तरी बाई मान वर न करता पुस्तकं देत होत्या. तिथंच हात आखडता घेतला असता तर गावात नाव राहिलं असतं.

पण मग दिवाळी अंक आले. दिवाळी अंकांच्या योजनेत दरवर्षी भांडणं व्हायची, अमक्याला नवा अंक आधी का मिळाला वगैरे. मी क्रमवारीची यादी घातली. कोणाचा नंबर कितवा, अंक कुणाकडे आहे, कधी परत येणार. मध्या, त्या वर्षी एकही भांडण झालं नाही. पेढे वाटले मला. ती सोय चांगलीच होती, आजही म्हणतो, आणि तिनंच माझा घात केला.

कारण त्यानंतर लोक मागायला लागले. अध्यक्षांना महिन्याचे पहिले दहा वाचक फलकावर लावायचे होते. खजिनदारांना वर्गणी आणि अनामतीच्या पावत्या. कार्यकारिणीतल्या तरुण पोराला पुस्तकांना तारे द्यायचे होते, पाचपैकी किती. अनुदानासाठी वर्षाकाठी आकडे द्यावे लागतात, म्हणून वय, व्यवसाय, भाषा असे रकाने वाढले. मग मीच सभासदांचे फोटो घातले. मग मोबाइलवर ओटीपी, कारण दुसऱ्याच्या नावावर पुस्तक नेल्याची एक तक्रार आली होती. एक, मध्या! सहा वर्षांत एक. मग सलग किती दिवस वाचलं त्याची माळ. मग वाढदिवसाच्या शुभेच्छा. नेटस्केप ब्राउझरवाला झाविन्स्की म्हणायचा की प्रत्येक प्रोग्राम मेल वाचता येईपर्यंत फुगत जातो. माझा मेल वाचत नाही, पण सभासदांच्या मेव्हण्यांना शुभेच्छा पाठवतो. आणि शेवटी काळी पार्श्वभूमी, रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून. वाचनालय आठला बंद होतं.

ही म्हणते, "लोक मिसळीवर फरसाण घालतात, तुम्ही फरसाणावर मिसळ घालता."

गेल्या १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनाला मी भाषणही ठोकलं. ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांची पाच सूत्रं सांगितली आणि पाचव्यावर येऊन थांबलो: ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. म्हणून आपला प्रोग्रामही वर्धिष्णू. टाळ्या पडल्या. चौथं सूत्र मी घाईत उरकलं होतं, ते 'वाचकाचा वेळ वाचवा' असं आहे. बाई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. आता आठवलं की घशाशी येतं.

तर महिन्यापूर्वी मी सहज नोंदींच्या वेळा बघत होतो. सहज कसलं, गर्दी कोणत्या तासाला असते याचा रंगीत आलेख काढायचा होता. बघतो तर दिवसाच्या साठ-सत्तर देवघेवी, सगळ्या रात्री सव्वाआठ ते नऊ. पाच ते आठ, जेव्हा वाचनालय उघडं, एकही नाही. मला वाटलं घड्याळ चुकलंय, कुठंतरी ग्रिनिचची वेळ घुसली असणार. दोन दिवस साडेपाच तास मिळवून वजा करून बघितले, कशातच बसेना. तू असतास तर दोन मिनिटांत म्हणाला असतास, "घड्याळ बरोबर आहे, गाढवा, तिथं जाऊन बघ."

गेलो. सव्वाआठला. शटर अर्धं खाली. आत बाई एकट्याच, शेजारी जेवणाचा डबा, समोर फुलस्केप वही. वहीतून बघून एक-एक नोंद संगणकात भरत होत्या. आठ महिने, रोज. मला बघून वही खणात ढकलली, अगदी कॅशियरनं ढकलली होती तशी.

मी म्हटलं, "हे काय?"

त्या म्हणाल्या, "संध्याकाळी रांग असते सर. एका पुस्तकाला अकरा वेळा क्लिक करावं लागतं. म्हाताऱ्यांच्या मोबाइलवर ओटीपी येईस्तोवर मागचे ओरडतात. कुणाचा मोबाइल सुनेकडं असतो."

"मग मला सांगायचं की."

"तुम्ही एवढं हौसेनं केलंय. दर वेळी येऊन विचारता, अजून काय पाहिजे. मला तर काहीच नको होतं. मग काय सांगू?"

चहा पण पाजला त्यांनी वर.

मला तुझ्याशी यावरच बोलायचंय, दुसरं काही नाही. तू म्हणशील मी हौशी आहे, मला थांबता येत नाही, पतपेढीतही मी मेनूला सात रंग दिले होते आणि सुरू होताना स्पीकर टिंगटिंग वाजायचा. मान्य. पण नुसती हौस नव्हती रे. यादी काढून बघितली. एकही गोष्ट मी हवेतून आणली नाही, प्रत्येकीमागं कुणीतरी मागणारा होता. आणि मागणारे मोजले तर किती? पाच. अध्यक्ष, खजिनदार, ते पोरगं, एक निवृत्त प्राध्यापक, आणि मी. सभासद आठशेच्या वर आहेत. ज्यांना अडचण होत होती त्यांनी तक्रारच केली नाही. काही जण यायचे बंद झाले असतील, त्यांची नोंद कुठल्या रकान्यात करणार? बाकीच्यांसाठी बाईंनी वही काढली. मी मात्र पाच जणांचा आवाज ऐकून गाव मागतंय असं समजत होतो.

शिवाय, खरं सांगू, नवीन काही घातलं की चार दिवस लोक मला नावानं ओळखतात. "ते तारे तुम्हीच घातले ना?" काढून टाकल्याबद्दल कुणी पेढे दिलेत का आजवर? निवृत्त झाल्यापासून सकाळी उठायला कारण लागतं, ते कारण म्हणजे पुढची आवृत्ती. हे तुलाच सांगतोय, इंदूरात इतर कुणाला वाचून दाखवू नकोस.

तुझा तो कनूथ आठवला मला. आयर्विन पुलावर भडंग खात तू तासभर लेक्चर दिलं होतंस, मी वैतागलो होतो. टेक हा छपाईची पानं जुळवणारा प्रोग्राम लिहिला, १९९० मध्ये जाहीर केलं की आता नवीन काही घालणार नाही, चुका तेवढ्या दुरुस्त करीन, आणि प्रत्येक दुरुस्तीला आवृत्तीच्या आकड्यात पायचा, म्हणजे वर्तुळाच्या π चा, एक-एक अंक वाढेल. ३.१, ३.१४, करत २०२१ पर्यंत ३.१४१५९२६५३. आणि आपण गेल्यावर आवृत्ती म्हणजे पाय, त्यानंतर चुकांनाही हात लावायचा नाही. तेव्हा मी म्हणालो होतो, हा माणूस आळशी आहे. माझी आवृत्ती सध्या ७.४ आहे. पायच्या दुपटीला मागं टाकून मी पुढं निघून गेलो.

बरं, जुना हिशेबही पुरा करू. पतपेढीत तू रात्रीत माझी कर्जाची स्क्रीन उडवलीस, न विचारता, फ्लॉपीवरच्या प्रतीसकट. दीड महिना आपण बोललो नाही. तुझं म्हणणं, दिवसअखेरीला चाळीस मिनिटं लागत होती, कॅशियर त्याच पायी लाल वहीत लिहितो, खोकं कुठल्या कामाचं? जिस्ट कार्डावर मराठी अक्षरं नाचवण्यात मला मजा वाटत होती आणि तो बिचारा शेवटची बस चुकवत होता. ते सगळं बरोबर. पण विचारायचं होतंस, मध्या. ती स्क्रीन चांगली होती. आजही सांगतो.

त्या वेळी तू उडवलीस म्हणून मला आयुष्यभर असं वाटत आलं की उडवणारा तू, घालणारा मी. म्हणजे कुणीतरी येऊन उडवेल या भरवशावर मी घालत राहिलो. इथं तू नव्हतास.

मंगळवारी बसलो काढायला. शुभेच्छा काढल्या. बुधवारी अध्यक्षांचा फोन, कुणाच्या तरी मेव्हण्याला शुभेच्छा आल्या नाहीत. ओटीपी काढला. माळ काढली, तिचा एकच फोन आला, त्या प्राध्यापकांचा, त्यांची २१४ दिवसांची होती, गळा दाटून आला होता त्यांचा. तारे काढायला मन होईना. काळी पार्श्वभूमी काढली, कुणाला कळलंसुद्धा नाही. आता सहा क्लिक लागतात. दोनावर अजून आलेलो नाही. बाई म्हणाल्या, "बरंय सर." पण वही अजून खणात आहे, मी बघितली.

आणि ती वही! मुद्दा खरं तर तो आहे. बाईंनी चार रकाने आखलेत. सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, तारीख. चौथा त्यांचा स्वतःचा. त्यात बारीक अक्षरात: "मोठ्या टायपातलं द्यावं." "नातू आला तर रहस्यकथा देऊ नये, घरून सांगितलंय." "मंगळवारी डोळ्याचं ऑपरेशन, तारीख वाढवली." आणि एका आजींच्या क्रमांकापुढं: "हे दोनदा नेलंय. विसरतात. सांगू नये."

मी आठशे लोकांचे फोटो घेतले, वाढदिवस घेतले, सलग दिवस मोजले. हे माझ्याकडं नव्हतं.

आता तू ओळखलंच असशील. घरी येताना रिक्षातच डोक्यात चालू झालं. चौथा रकाना. शेरा. फक्त ग्रंथपालाला दिसेल असा. मग शेऱ्यावरून शोध. मग मोठ्या टायपातली पुस्तकं आपोआप सुचवायची. मग ऑपरेशनची तारीख आली की मुदतवाढ आपोआप. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं कुठं उतरायचं म्हणून.

तुझं राहिलंच. मोतीबिंदू एका डोळ्याचा झाला की दोन्ही? थेंब वेळेवर घाल. ताई पुण्यात घर घेतेय असं पत्रात होतं, झालं का ते? कर्जाचा हप्ता किती बसतोय ते कळव, मी गणित करून देतो, ती स्क्रीन माझ्या डोक्यात अजून आहे. वहिनींना म्हणावं लोणच्याची बरणी रिकामी होऊन चार महिने झाले, आणि मी मागत नाहीये.

शेऱ्याच्या रकान्याचं टेबल काल रात्री बनवलं. अजून जोडलेलं नाही. बाईंना विचारलेलं नाही. विचारलं तर त्या हो म्हणतील, त्या कशालाच नाही म्हणत नाहीत, हेच तर आठ महिने चाललं होतं. तूच सांग. पण फोन करू नकोस, फोनवर मी तुला पटवून टाकीन. पत्रच लिही, आणि लवकर लिही, शनिवारपर्यंत कसाबसा दम धरतो.

तुझा,
नंद्या