मैदानावरच्या आप्पांना

आप्पा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर फक्त फोन उचलता, हे मला ठाऊक आहे. नातवाला शेजारी बसवा, तो वाचून दाखवेल. बाकीच्यांनीही वाचावं म्हणून हे उघडपणे लिहितेय. कॉलेजच्या स्पर्धा संपल्या की प्राचार्यांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले जातात. पहाटे पाचला येऊन फक्की मारणाऱ्याचं नाव त्या यादीत मी कधी ऐकलं नाही.

बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, प्रवेश घेतला तेव्हा रावेरला आमच्या केळीच्या बागेत काका म्हणाले होते, "पी.टी. शिकायला दोन वर्षं? शिट्टी तर वाजवायची!" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. मग हाडं, स्नायू, सांध्यांच्या हालचाली, व्यायामात हृदयाचे ठोके का वाढतात, घामाबरोबर अंगातलं मीठ कसं जातं, असं सगळं पुढ्यात आलं. पाठांतरात मी वर्गात पहिली. म्हणूनच त्या दिवशी तोंडावर आपटले.

प्रात्यक्षिकाची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, ४०० मीटरचा ट्रॅक आखायची, आणि मी आदल्या दिवशी सराव करत होते. एप्रिल महिना, साडेआठलाच जळगावचं ऊन डोक्यात शिरलेलं. मी वही उघडून मोजत होते. बाहेरच्या लेनचं वळण मोठं, लेन १.२२ मीटर रुंद, म्हणून दुसऱ्या लेनची सुरुवातीची रेघ पहिलीच्या ७.०४ मीटर पुढे. सूत्र तोंडपाठ, उत्तर बरोबर. तुम्ही फक्कीचा डबा खाली ठेवलात, वहीत डोकावलात आणि म्हणालात, "आठे कर्ब कोठे शे, माय?"

मी बघतच राहिले. पुस्तकातल्या ट्रॅकला आतल्या बाजूने उंच काठ असतो, तोच कर्ब, म्हणून पहिल्या लेनचं अंतर काठापासून ३० सेंटीमीटरवर मोजतात. आपल्या मातीत नुसती चुन्याची रेघ, तिथे बाकीच्या लेनसारखे २० सेंटीमीटरच धरायचे. म्हणजे फरक ७.०४ नाही, ७.६७ मीटर. आतल्या अर्धवर्तुळाची त्रिज्याही ३६.५० नाही, ३६.६० मीटर. माझ्या आखणीत दोनपासून आठपर्यंतच्या सगळ्या लेनमधली पोरं पहिलीपेक्षा ६३ सेंटीमीटर जास्त धावली असती, आणि कोणाला कळलंही नसतं!

मग तुम्ही टाचेने माती उकरत चार पावलं गेलात आणि खिळ्याचं डोकं उघडं केलंत. अर्धवर्तुळाच्या मध्यावर तुम्हीच कधीतरी गाडलेला. दुसरा खिळा पलीकडच्या टोकाच्या अर्धवर्तुळाला, दोघांमध्ये ८४.३९ मीटर. माझी सुतळी तुम्ही गुंडाळून बाजूला ठेवलीत, ती ताणली जाते म्हणून. टेपचं एक टोक खिळ्याला, दुसरं माझ्या हातात, आणि तुम्ही मागून वाकून फक्की सोडत आलात. मध्येच ताकाचा तांब्या पुढे केलात, चांगलं खारट. घामातल्या मिठावर मी दहा गुणांचं उत्तर लिहून आले होते, पण ताक घेऊन यायचं काही मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी नेमकं कर्बचंच विचारलं. मी उत्तर दिलं, गुण मला मिळाले. तेव्हा तुमचं नाव घ्यायला हवं होतं. ते राहिलं, आणि ते मला अजून लागून राहिलंय.

आता मी सातपुड्यात, धडगावकडच्या एका आश्रमशाळेत शिकवते. मैदान लहान, २०० मीटरचा ट्रॅक कसाबसा बसतो, एका बाजूला उतार. पण दोन खिळे मी पहिल्याच महिन्यात गाडले. पावसाळ्यानंतर ते गवतात हरवले होते. परवा सहावीतल्या एका मुलीने टाचेने उकरून पहिला शोधला आणि "मॅडम, सापडला!" म्हणून शाळा डोक्यावर घेतली.

दिवाळीत येते. तुमच्यासाठी पन्नास मीटरची स्टीलची टेप घेऊन ठेवलीय. तुमच्या जुन्या टेपचा पहिला मीटर तुटलाय आणि तुम्ही दर वेळी मनातल्या मनात एक वजा करत मोजता, हे मी पाहिलंय.

तुमची,
लेन चुकवणारी पोरगी