दिवाळीच्या आत घेऊन जा

अमळनेर,
श्रावण

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

यंदा कानबाई आमच्या घरी बसली आणि त्या निमित्ताने जे झाले ते तुलाच लिहिणे भाग आहे, कारण आमचे मजघर कापसाने आढ्यापर्यंत भरलेले पाहणारा, घराबाहेरचा असा, तू एकटाच उरला आहेस. बापू ठीक आहेत, माझी साखर आटोक्यात आहे.

नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसवायची म्हणजे त्याआधी भिंती रंगवून, भांडेन् भांडे घासून झाले पाहिजे. सगळे भाऊबंद रोटांच्या प्रसादाला येणार, म्हणून आम्ही मजघर रिकामे करायला घेतले. त्यातून थोरल्याच्या पुण्याच्या जुन्या घरातला सोफा, धाकट्याच्या मुलाची इंजिनिअरिंगची पुस्तके, आक्काच्या रुखवतातली भांडी, बंद पडलेले कूलर, पितळी घंगाळ आणि बापूंच्या कागदांची खोकी निघाली. सर्वांत खालची खोकी वाळवीने आमच्याआधीच वाचून संपवली होती. दोघा भावांना फोनवर विचारले, तर दोघांचेही उत्तर एकच, "राहू दे, आलो की पाहू." त्यांच्याकडे जागा नाही आणि आमच्याकडे आहे, कारण आम्ही इथे राहतो, असा त्यांचा हिशेब दिसतो.

बापूंचे वेगळेच आहे. 1945 साली गावात निघालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याची पुढे विप्रो झाली आणि शेअर जपून ठेवणाऱ्यांचे भाग्य उजळले, हे ऐकून ऐकून अमळनेरात कागद फेकणे पाप ठरले आहे. आमच्या खोक्यांत शेअर नाहीत. शेतसाऱ्याच्या पावत्या आहेत, विजेची बिले आहेत, आणि त्या कारखान्याची एकच मालमत्ता म्हणजे सनफ्लॉवर वनस्पतीचा गंजलेले खिळे भरलेला डबा आहे. खरेदीखते आणि फेरफार उतारे मी वेगळे काढून कपाटात ठेवले. बाकीचे टाकू का, असे विचारल्यावर बापू म्हणाले, "काय घाई शे?"

पूर्वी घरात पसारा साठत नसे, तो काही आम्ही शिस्तीचे होतो म्हणून नव्हे. (कॅरमचा स्ट्रायकर तुझ्याच खिशात गेला होता, हे माझे मत कायम आहे.) दिवाळीच्या सुमाराला कापूस घरात यायचा, त्यामुळे मजघर मोकळे करावेच लागे आणि ज्याला जागा उरत नसे ते देऊन टाकले जाई. आता आमचा कापूस शेतातून थेट जिनिंगवर जातो, आणि मोकळ्या झालेल्या त्या जागेत भावांची घरे येऊन बसली आहेत.

खरी अडचण वाटणीची आहे, कारण ती अजून झालेली नाही. घंगाळ कोणालाच नको आहे, परंतु मी ते मोडीत दिले, तर "न विचारता विकले" हा विषय दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आक्कासमोर निघेल. टाकले तरी दोष माझा, ठेवले तरी केरसुणी आमच्याच हाती. विसर्जनानंतर माडीवर नेलेले सगळे सामान पुन्हा खाली आले, तेव्हा सुमन म्हणाली, "कानबाईला कायमची इथेच राहा म्हणावे, म्हणजे मजघर तरी स्वच्छ राहील."

आता मी प्रत्येक वस्तूचा फोटो काढून तिघांनाही लेखी कळवणार आहे. दिवाळीपर्यंत ज्याने त्याने आपले न्यावे. त्यानंतर पितळ सर्वांच्या माहितीने तोलून येईल ती रक्कम सारखी वाटली जाईल, आणि सोफा पहिल्या मागणाऱ्याला दिला जाईल. थोरला रागावेल. तुला हे योग्य वाटते का, ते स्पष्ट लिही. गुळमुळीत उत्तर नको.

वहिनींचा गुडघा कसा आहे? मुलीचे जमले का?

आणि तुझी लोखंडी ट्रंकही त्याच रांगेत आहे, जी प्रताप कॉलेजचे हॉस्टेल सोडताना "दोन दिवस ठेव" म्हणून तू ठेवली होतीस. किल्ली कोणी हरवली, हा वाद इथे काढत नाही. दिवाळीच्या आत येऊन घेऊन जा, नाहीतर कुलूप तोडण्याची परवानगी लेखी पाठव. तोंडी चालणार नाही. तुझे "दोन दिवस" किती असतात ते घरात सर्वांना ठाऊक आहे.

तुझा,
मधू