पाइपावरची चांदी

डब्लिन

तीर्थरूप आप्पांस,
सा. न. वि. वि.

व्हिडिओ कॉलवर फळीवरचे तंबाखू ओढायचे पाइप बघून आई धास्तावली, असं ताई म्हणाली. आईला सांगा, मी ओढत नाही, नुसते जुने जमवतो. आणि दोष तुमचाच आहे. हुपरीत तुमच्या भट्टीशेजारी वाढल्यावर चांदीची कडी दिसली की नजर आधी छापावर जाते.

माझ्याकडचे बहुतेक पीटरसन या कंपनीचे. न्यूरेंबर्गहून आलेल्या काप बंधूंचं इथल्या ग्राफ्टन स्ट्रीटवर दुकान होतं. त्यांना लाटव्हियाचा चार्ल्स पीटरसन येऊन मिळाला. त्याचं १८९० चं पेटंट तुम्हाला आवडेल. धुरातला ओलावा तोंडात येऊ नये म्हणून दांड्यात एक खोलगट जागा कोरलेली, पाणी तिथंच साचतं. पुढं त्यानं तोंडाकडचं भोकही वरच्या अंगाला काढलं, म्हणजे धूर जिभेवर न येता टाळूकडं जातो. लाकूड ब्रायरचं, भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ.

पण खरी मजा दांड्यावरच्या चांदीच्या कडीत. डब्लिनच्या सोनारांच्या संस्थेला १६३७ साली सनद मिळाली. टंच तपासून छाप मारायचं काम तिचंच. छाप असे: बसलेली बाई, म्हणजे आयर्लंडचं प्रतीक हिबर्निया; मुकुटवाली वीणा; आणि सालाचं अक्षर. अक्षर लागलं की कडीचं वर्ष लागलं. गंमत म्हणजे स्वस्त पाइपांच्या निकेलच्या कडीवरही तीन छाप असतात: तिपानी शॅमरॉक, कुत्रा आणि मनोरा. ती निव्वळ नक्षी! नवखे त्यालाच चांदी समजून पैसे मोजतात. तुम्ही दुकानात असता तर हातात घेऊनच हसला असता.

कडी नसेल तर लाकडावर बघायचं. इथं देशाचं नाव बदललं तसा ठसा बदलला. ‘आयरिश फ्री स्टेट’ असेल तर १९२२ ते १९३७ च्या आसपासचा, ‘रिपब्लिक’ असेल तर १९४९ नंतरचा. तोंडाकडचा काळा भाग मात्र रबराचा असतो, उन्हानं हिरवट पडतो. तो घासताना लोक शेजारच्या लाकडावरचा ठसाही घासून टाकतात, मग किंमत गेलीच.

आता कामाचं. एका कडीला पोचा पडलाय, अगदी छापाशेजारी. आत लाकूड आहे, आच दिली तर करपेल. कडी चिकटवलेली आहे, ओढून काढायला भीती वाटते. न काढता पोचा उठवता येईल का? रविवारी फोन करतो, तेव्हा सांगा. फोटो ताईच्या मोबाइलवर पाठवलेत, भिंग घेऊन बघा.

आईस नमस्कार.

आपला,
बाळू