सोलरचं कोटेशन वाचताना

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली तिन्ही कोटेशनं नीट वाचली. पहिलं ३ किलोवॅटचं, १ लाख ६५ हजारांचं. दुसरं तेवढ्याच क्षमतेचं, पण १ लाख ९८ हजारांचं. तिसरं ५ किलोवॅटचं, ३ लाख १० हजारांचं. ‘किलोवॅटला भाव किती पडतो’ एवढ्यावर निवड करायची म्हणतोस, तर माझं ऐक आणि तसं करू नकोस. कोटेशनमध्ये काय लिहिलेलं नाही ते आधी बघायचं. पहिल्या आणि दुसऱ्यातला ३३ हजारांचा फरक तिथेच आहे.

आधी किती किलोवॅट घ्यायचं ते ठरवू. महावितरणच्या बिलावर गेल्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्याची बेरीज कर. तू महिन्याला सरासरी ३२० युनिट म्हणालास, म्हणजे वर्षाला साधारण ३,८०० युनिट. पुण्यात सावली नसलेल्या गच्चीवर १ किलोवॅट पॅनेलमागे वर्षाला साधारण १,४०० युनिट मिळतात. सरासरी रोज ४ धर, पण ती वर्षभर सारखी नसते. मार्च-एप्रिलला त्याहून जास्त, आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत अडीच-तीनवर येते. तुला ५५० वॅटची ६ पॅनेल पुरतात. त्यांची क्षमता ३.३ किलोवॅट होते आणि वर्षाला ४,५०० च्या आसपास युनिट निघतात, म्हणजे तुझ्या गरजेपेक्षा थोडी जास्तच.

५ किलोवॅटचा आग्रह धरणारा तुला एक गोष्ट सांगणार नाही. पीएम सूर्यघर या घरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या अनुदान योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असं एकूण ७८ हजारांवर अनुदान थांबतं. वरच्या दोन किलोवॅटचा खर्च सगळा तुझा. शिवाय जास्तीचे युनिट तुझ्या खात्यात ३१ मार्चपर्यंतच राहतात. वर्ष संपलं की उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण तू ज्या दराने वीज घेतोस त्याच्या जवळपासही नाही. दोन वर्षांत विजेवरची चारचाकी घ्यायचं नक्की असेल तर गोष्ट वेगळी. नुसतं ‘पुढेमागे लागेल’ म्हणून मोठी यंत्रणा घेऊ नकोस.

आता पैसे कुठे जातात ते सांगतो. आकडे ढोबळ आहेत, पण पुण्यात सध्या याच्या आसपासच काम होतं. अनुदानासाठी पॅनेल डीसीआर लागतात, म्हणजे आतले सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. ते बिगर-डीसीआर पॅनेलपेक्षा महाग असतात. सहा पॅनेलचे ७५ ते ८५ हजार, पॅनेलची डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलणाऱ्या ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरचे २५ ते ३० हजार, लोखंडी स्ट्रक्चरचे २५ हजार आणि पॅनेल उंचावर हवी असतील तर ४०-४५ हजार. केबल, एसीडीबी आणि डीसीडीबी (एसी आणि डीसी बाजूच्या सुरक्षेच्या पेट्या), अर्थिंग आणि वीजरोधक (आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणारा) मिळून २० ते २५ हजार. मजुरी आणि नेट मीटरची (घेतलेली आणि लाइनला दिलेली, दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरची) कागदपत्रं यांचे आणखी १५-२० हजार. वर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या साहित्यावर तो १२ ऐवजी ५ टक्के झाला. पूर्ण बसवून देण्याच्या कामात ७० टक्के रक्कम माल आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८ टक्के, म्हणजे एकूण रकमेवर ८.९ टक्के पडतो. पहिल्या कोटेशनमध्ये अजून १३.८ टक्के लावलाय. तो जुना हिशोब आहे, दुरुस्त करून घे.

त्याच कोटेशनमध्ये ‘स्ट्रक्चर : जीआय’, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड, एवढंच लिहिलंय. जाडी नाही, झिंकचा थर नाही, उंची नाही. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, ८० मायक्रॉन, असं लिहून माग. हॉट डिप म्हणजे कापून, भोकं पाडून तयार झालेला पाइप अख्खा वितळलेल्या जस्तात बुडवतात. स्वस्त कामात बाजारातला साधा जीआय पाइप गच्चीवर आणून तिथेच कापतात आणि वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं, वर चंदेरी रंग फासला की दिसायला छान दिसतं. दोन पावसाळ्यांत नेमक्या सांध्यांवर तांबूस ओघळ येतात. पॅनेल २५ वर्षं चालणार असेल तर खालचा सांगाडा पाचव्या वर्षी गंजून कसा चालेल? म्हणून जोड नटबोल्टचे हवेत आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेडचे.

गच्चीला भोकं पाडू देऊ नकोस, हे तर माझं अगदी कळकळीचं सांगणं. तुमच्या कर्वेनगरच्या बंगल्यावर ब्रिकबॅट कोबा आहे. त्यात अँकर, म्हणजे स्ट्रक्चरचे पाय धरणारा बोल्ट, मारला की विटांच्या तुकड्यांमधल्या चुन्या-सिमेंटच्या थराला तडा जातो. पाणी एका ठिकाणी मुरतं आणि दहा फूट लांब, भलत्याच खोलीच्या छताला ओल येते. मग गळती कुठून होतेय ते शोधत बसावं लागतं. त्यापेक्षा कोब्यावरच काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवायचे. फूटभर लांब-रुंद-उंच ठोकळा साधारण ६८ किलोचा होतो. पॅनेल गच्चीलगत असतील तर सहसा एवढं वजन पुरतं. सात-आठ फूट उंच मांडव करायचा असेल तर मात्र वळवाच्या वाऱ्याने पॅनेल खालून उचलली जातात, तिथे ठोकळे मोठे हवेत किंवा पाय थेट कॉलमच्या डोक्यावर यायला हवेत. पुण्यासाठी भारतीय मानकातला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, तो धरून केलेलं गणित कोटेशन देणाऱ्याकडे माग. ठोकळ्यांवर निदान सात दिवस पाणी मारल्याशिवाय वर पॅनेल चढवू देऊ नकोस.

जागेचं म्हणशील तर एक पॅनेल साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. सहा पॅनेलना धुवायला फिरायची वाट धरून अडीचशे-तीनशे चौरस फूट लागतात. तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंशांचा. जागा किती आहे यापेक्षा तिथे सावली कधी आणि कशाची पडते, हा खरा प्रश्न. तुझ्याकडे पाण्याची टाकी आहे, सोलर हीटरची टाकी आहे आणि शेजारचा नारळ. साइट बघायला माणूस मे महिन्यात आला तर त्याला सगळी गच्ची लख्ख दिसते, कारण मेच्या मध्यावर पुण्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली येते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बारालाही ४८ अंशांवरच असतो. तेव्हा तीन फुटांच्या कठड्याची सावली उत्तरेकडे पावणेतीन फूट जाते, सकाळी नऊला तर त्याच्या कितीतरी पुढे. शिवाय सहाही पॅनेल एका माळेत जोडलेली असतात. त्यातल्या एकावर हीटरच्या टाकीची सावली आली तर फटका त्या एकापुरताच राहील असं नाही. म्हणून डिसेंबरातल्या नऊ ते चारचा सावलीचा आराखडा मागून घे. हीटर चार फूट उत्तरेला सरकवायला प्लंबरचे दोन-तीन हजार लागले तरी ते आधी कर.

वायरिंगमध्ये बचत करणं सगळ्यात सोपं, कारण ते कोणी बघत नाही. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची सोलरसाठीचीच डीसी केबल हवी, साधी घरगुती वायर उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते. केबल स्लॅबवर लोळत ठेवायची नाही, पाइपातून न्यायची. खारी कुरतडतात हेही आहेच. पॅनेलखाली केबली जोडणारे एमसी-४ कनेक्टर एकाच कंपनीचे असावेत. नर एका कंपनीचा आणि मादी दुसऱ्या कंपनीची बसते, पण आतला स्पर्श अर्धवट राहतो, सांधा तापतो आणि वितळतो. सोलरच्या आगींमागे हे एक नेहमीचं कारण आहे.

इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल मी मुद्दाम वेगळी सांगतो. तुझा मीटर फाटकाजवळ आहे, अंतर २५ मीटर तरी होईल. भरदुपारी ३ किलोवॅटला १३ अँपिअर बाहेर जातात. केबल अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर इन्व्हर्टरच्या तोंडाशी व्होल्टेज जवळजवळ ५ व्होल्टने चढतं, ६ चौरस मिलिमीटरची असेल तर दोनने. दुपारी घराघरांत वापर कमी असतो तेव्हा लाइनचंच व्होल्टेज २५० च्या घरात असतं, वर हे पाच व्होल्ट आले की इन्व्हर्टर सुरक्षेसाठी बंद होतो. लोक पॅनेलला दोष देतात, आणि ऐन उन्हातलं उत्पादन रोज वाया जातं. केबलमध्ये वाचवलेले हजार-दोन हजार असे जातात. ६ चौरस मिलिमीटर तांबं, असं कोटेशनमध्ये लिहून घे.

अर्थिंगचे खड्डे तीन लागतात : पॅनेल आणि सांगाड्याचा एक, इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा एक, वीजरोधकाचा स्वतंत्र एक. पहिल्या कोटेशनमध्ये एकच आहे आणि वीजरोधक नाहीच. पुण्यात तीन-चार फुटांवर कातळ लागतो, तिथे रॉड अर्धा कापून वर माती लोटण्याचे प्रकार होतात. तेव्हा तुझ्यासमोर अर्थ टेस्टर लावून रीडिंग घ्यायला सांग, ५ ओहमच्या आत हवं. आलं नाही तर जागा बदलायची किंवा दुसरा रॉड ठोकून जोडायचा.

वहिनींनी विचारलं होतं, वीज गेल्यावर पंखे चालतील का? नाही चालणार. ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद होतो, कारण तो चालू राहिला तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. बॅकअप हवा तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी लागते, खर्च लाखभराने तरी वाढतो आणि अनुदान मात्र तेवढंच राहतं. तुमच्याकडे महिन्यातून दोनदा तासभर वीज जाते, तेवढ्यासाठी आहे तोच जुना घरगुती इन्व्हर्टर राहू दे.

कागदपत्रांत तुझी खरी अडचण एकच आहे : बिल अजून आजोबांच्या नावावर आहे. अर्ज, आधार, बँक खातं आणि बिल यांच्यावरचं नाव एक नसेल तर अनुदान अडकतं. म्हणून महावितरणकडे नावात बदल करायचा अर्ज याच आठवड्यात टाक, बाकीचं त्यानंतर. मग पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर १२ अंकी ग्राहक क्रमांकाने नोंदणी, यादीतल्या नोंदणीकृत व्हेंडरची निवड, काम, नेट मीटर, महावितरणची पाहणी. १० किलोवॅटपर्यंत आता वेगळी तांत्रिक मंजुरी लागत नाही आणि मंजूर भार कमी असेल तर तो वाढवून देणं वीज कंपनीचंच काम आहे. तेव्हा ‘लोड वाढवायचे इतके’ म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नकोस. अनुदान काम पूर्ण झाल्यावर थेट तुझ्या खात्यात येतं, म्हणजे आधी पूर्ण रक्कम तुला उभी करावी लागणार. सरकारी बँका या योजनेत २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात, व्याज घरकर्जापेक्षाही कमी असतं. मुदत ठेव मोडण्याआधी तिथे विचार.

दुसऱ्या कोटेशनवर गेलास तर अनुदान वजा जाता १ लाख २० हजार तुझ्या खिशातून जातील. सोलरमुळे सगळ्यात आधी वाचतात ते वरच्या, महाग टप्प्यातले युनिट, आणि त्यांच्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही. स्थिर आकार मात्र भरावा लागतोच, बिल शून्य होईल या बोलण्यावर जाऊ नकोस. तुझ्या वापराला पैसे साडेतीन-चार वर्षांत वसूल व्हावेत. महिन्याला शंभरच्या आत युनिट जाळणाऱ्या घराला मी एवढी घाई करायला सांगितली नसती. पुढे दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागेल, ते ३० हजार आत्तापासून हिशोबात धर.

काम फेब्रुवारीत उरकता आलं तर उत्तम. एप्रिल-मेमध्ये साठलेले युनिट पावसाळ्यात वापरता येतात. पॅनेल येतील त्या दिवशी घरी थांब. प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर आणि बिलावरचा नंबर ताडून बघ, फोटो काढून ठेव. बसवताना कोणी पॅनेलवर पाय देऊन चढू नये. काच फुटत नाही, पण आतल्या सेलना केसासारख्या चिरा जातात आणि त्या वर्षभराने उत्पादनात दिसतात.

धुण्यासाठी गच्चीवर नळ काढून घे. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी ऊन चढायच्या आत, मऊ मॉपने पुसायचं. कबुतरांची विष्ठा ओली करून सोडवायची, खरवडायची नाही. आणि पाणी महापालिकेचं वापर, बोअरचं नको. त्याचे पांढरे डाग काचेवर बसले की निघत नाहीत.

पैसे देताना आगाऊ २० टक्क्यांच्या वर जाऊ नकोस. माल गच्चीवर आल्यावर ६० टक्के, आणि शेवटचे २० टक्के नेट मीटर बसून मोबाइलवर उत्पादन दिसायला लागल्यावर. पाच वर्षांची देखभाल योजनेतच बंधनकारक आहे, ती करारात लिहून घे, वर्षातून किती वेळा माणूस येणार तेही. दुसऱ्या कोटेशनवाल्याला वर लिहिलेल्या सुधारणा करून नवं कोटेशन द्यायला सांग. ते आलं की बिलाच्या फोटोसकट मला पाठव, सही करायच्या आधी.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत