किल्लीचे उरलेले सोळा बाइट

पुणे, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी तू माझ्याकडून एन्क्रिप्शनचं जे फंक्शन नेलंस ना, त्यात चूक निघाली.

एका ग्राहकाच्या बॅकअप फायली सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर उघडेनात. माझ्या मशीनवर सगळं सुरळीत. तिसऱ्या रात्री प्रोग्राम व्हॅलग्राइंडखाली चालवला, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या साधनाखाली. ‘इनव्हॅलिड रीड ऑफ साइझ १६’, म्हणजे आपले नसलेले १६ बाइट वाचले, आणि जागा थेट ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या पोटातली!

सहकारी म्हणाला, लायब्ररीतली कटकट आहे, सप्रेस कर, म्हणजे ती तक्रार दिसणारच नाही. मला ते करवेना. २००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या प्रकारात व्हॅलग्राइंडची तक्रार बंद करायला ओपनएसएसएलच्या दोन ओळी काढल्या होत्या. ती तक्रार वेगळी, न भरलेल्या मेमरीची. पण त्या ओळींबरोबर रँडम आकड्यांचं बीजच गेलं. उरला तो प्रोसेस आयडी, चालू प्रोग्रामला मिळणारा क्रमांक, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. हे मे २००८ मध्ये उघड झालं, आणि तोवर तिथे बनलेल्या एसएसएच किल्ल्या (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनसाठीच्या) टाकून द्याव्या लागल्या.

म्हणून व्हॅलग्राइंडच्या तक्रारीतली खालची ओळ पुन्हा वाचली: ‘१६ बाइटच्या ब्लॉकच्या पुढे ० बाइटांवर’. तो ब्लॉक आपल्या किल्लीचा होता. एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीत १२८ बिटांच्या किल्लीवरून २५६ वर जाताना मी कॉन्फिगमधली किल्ली मोजली, ३२ अक्षरं भरली, आणि निश्चिंत झालो. अरे, ती हेक्सची, म्हणजे सोळाच्या पाढ्यातल्या आकड्यांची अक्षरं! दोन अक्षरांचा एक बाइट, म्हणजे १६ च. ओपनएसएसएलच्या फंक्शनला किल्लीची लांबी आपण सांगतच नाही. २५६ म्हटलं की ते ३२ बाइट वाचतं. उरलेले १६ शेजारच्या मेमरीतून. माझ्याकडे तिथे दर वेळी तेच बाइट सापडत, म्हणून कुलूप उघडायचं. ग्राहकाकडे रीस्टार्टनंतर ते बदलले.

आता पूर्ण ३२ बाइटची किल्ली घेतो आणि लांबी कमी भरली तर प्रोग्राम तिथेच थांबवतो. जुन्या फायलींसाठी शेजारी काय असेल याचा अंदाज बांधत बसलो. मेमरी वाटून देणारा मॅलॉक पुढच्या तुकड्याचा आकार जवळच ठेवतो, त्याचा उपयोग झाला. बऱ्याच उघडल्या. दोन अजून बंद आहेत, आणि त्या डोक्यातून जात नाहीत.

तुझ्या दवाखान्याच्या प्रोग्राममध्ये पेशंटच्या नोंदी आहेत. उद्या सकाळी आधी किल्ली किती बाइटची आहे ते बघ. कमी निघाली तर सर्व्हर रीस्टार्ट करू नकोस, चालू असतानाच सगळ्या नोंदी उघडून नव्या किल्लीने बंद कर. अडलास तर कितीही वाजता फोन कर, मी जागा आहे.

तुझाच

ता. क. काकूंना नमस्कार सांग.